एडीएचडीची गोळी लागू पडली, पण पुढे ती सांभाळायची कशी?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर पालकांनाही यातलं आपल्या कामाचं तेवढं उचलता येईल. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहता, डॉक्टर पुण्याला. आठ महिन्यांपूर्वी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या विकाराचं, निदान होऊन मिथाइलफेनिडेट हे औषध सुरू झालं. एक साधी गोळी तुम्ही कामावर निघण्याआधी सकाळी आठला देता, दुसरी मधल्या सुट्टीत दीड वाजता वर्गशिक्षिका देतात. शाळा साडेदहा ते पाच. शाळेतल्या तक्रारी कमी झाल्या, पण डबा तसाच परत येतो, वजन किलोभर उतरलंय आणि संध्याकाळी साडेपाचला घरात रोज रडारड. गावातला मेडिकलवाला गोळी ठेवत नाही. मध्ये आठ दिवस ती मिळालीच नाही, तरी आभाळ कोसळलं नाही. सासूबाई म्हणतात, पोराला गुंगीच्या गोळ्या घालताय. तेव्हा बंद करू का, आणि नाही केली तर किती वर्षं द्यायची?

मी गेली बरीच वर्षं अशा मुलांना तपासते आहे, पण तुमच्या मुलाला तपासलेलं नाही. त्यामुळे डोस किती, हे मी इथे सांगणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण तुमचं पत्र वाचून मला जे दिसतं ते असं, की गोळी चुकीची नाही. गोळी सुरू झाली आणि नंतर तिच्याकडे कोणी नीट पाहिलं नाही. "बंद करू का" हा प्रश्न त्या पोकळीतून आलाय.

औषध तेच असलं तरी देखरेखीने किती फरक पडतो याचा एक जुना, मोठा दाखला आहे. अमेरिका आणि कॅनडात एडीएचडीच्या ५७९ मुलांवर एमटीए नावाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. सात ते नऊ वर्षांची मुलं, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयाची. एका गटाला औषध दिलं आणि दर महिन्याला अर्ध्या तासाची भेट ठेवली, शिक्षकांकडून माहिती घेऊन डोस जुळवत नेला. दुसऱ्या गटाला आपापल्या नेहमीच्या डॉक्टरांवर सोडलं. त्यातल्याही सुमारे दोन-तृतीयांश मुलांना औषध मिळतच होतं. तरी चौदा महिन्यांनी पहिल्या गटाची मुलं ठळकपणे पुढे होती. पुढचंही सांगायला हवं. ती काटेकोर देखरेख चौदा महिन्यांनी थांबली, आणि तीन वर्षांच्या टप्प्यावर गटागटांत फरक उरला नव्हता. त्याच्या कारणांवर वाद आहेत, पण एकदा गोळी सुरू केली की काम झालं, असं त्यातून कोणालाही म्हणता येणार नाही.

आता दर महिन्याला सांगलीकडून पुण्याला खेप कोण मारणार? रजा, गाडीभाडं, मुलाची शाळा बुडणं. हे मलाही कळतं. म्हणून काम वाटून घ्यायचं. काही तुम्ही घरी करायचं, काही गावातल्या बालरोगतज्ज्ञांनी आणि काही पुण्याच्या डॉक्टरांनी.

घरचं पहिलं काम म्हणजे घड्याळ बघणं. मिथाइलफेनिडेटची साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात काम करू लागते आणि साधारण तीन-चार तासांत उतरते. अंगात साठून राहत नाही. तुमच्या वेळा त्यावर ठेवून बघा. आठची गोळी बाराच्या सुमाराला संपते. म्हणजे तिचे पहिले दोन तास घरी आणि वाटेत जातात, आणि बारा ते दीड हे शाळेचे तास गोळीविनाच निघतात.

हे मी नुसत्या गणितावरून म्हणत नाही. पुनर्भेटीला मी पालकांना मुलाच्या वह्या आणायला सांगते. रिपोर्ट कार्ड नको, वह्या. चौकटीच्या गणिताच्या वहीत पहिली तीन उदाहरणं चौकटीत बसलेली असतात, हातचा नीट वर लिहिलेला असतो. मग चौथ्या उदाहरणाला हातचा गायब, सहाव्याला आकडे चौकटी सोडून उतारावरून घसरल्यासारखे. शेजारी मराठीच्या वहीत त्याच दिवशीचा पहिल्या तासाचा उतारा पूर्ण आणि सुवाच्य. वेळापत्रक आणि वह्या शेजारी ठेवल्या की गोळी कधी चढली आणि कधी उतरली ते दिसतं. पालकांना "कसा आहे?" विचारलं तर "बरा आहे" असं उत्तर मिळतं. वही जास्त बोलते. तुमच्या मुलाच्या बारा ते दीडच्या तासांच्या वह्या काढून बघा. तिथेच अपुऱ्या नोंदी दिसल्या, तर गोळीची वेळ हलवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. सकाळची गोळी साडेनऊला, न्याहारीनंतर दिली तर ती जवळजवळ मधल्या सुट्टीपर्यंत पुरेल.

पण साडेनऊला तुम्ही घरी नसता. घरी असतात सासूबाई. म्हणून त्यांचा विरोध हा नुसता घरगुती कुरबुरीचा विषय नाही, उपचाराचाच भाग आहे. पुढच्या वेळी त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांना त्यांच्याशीच बोलायला सांगा. हे औषध गुंगीचं नाही, उलट उत्तेजक गटातलं आहे. लक्ष धरून ठेवणारी आणि हाताला आवर घालणारी मेंदूतली यंत्रणा ते काही तास जागी ठेवते. आजींना जर नातू खरोखरच गुंगल्यासारखा, हरवल्यासारखा दिसत असेल, तर त्यांना खोडून काढू नका. कधी दिसतो ते विचारा. गोळीनंतर तासा-दोन तासांत मूल गप्प, मलूल, स्वतःशीच असं होत असेल तर डोस जास्त झाल्याची ती खूण असते आणि डॉक्टरांना ती कळायलाच हवी. मुलाचा मूळ खोडकरपणा, बडबड, हसणं शाबूत राहून लक्ष लागलं, तर डोस बरोबर. दिवसभर घरात बसून नातवाकडे बघणाऱ्या आजीइतकं बारकाईने हे दुसरं कोणी सांगू शकत नाही.

व्यसन लागेल का, हा आजीच्या पोटातला दुसरा प्रश्न. सांगितलेल्या डोसमध्ये, तोंडाने, मोठ्या माणसाच्या हातून घेतल्यावर या मुलांना त्याची सवय लागत नाही. अशी औषधं घेतलेली मुलं मोठेपणी नशेकडे जास्त वळतात, असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

आता भूक. या औषधाची ही सगळ्यात सामान्य तक्रार आहे आणि तीसुद्धा घड्याळाने चालते. गोळी अंगात असताना भूक मरते, उतरली की येते. तेव्हा जेवण गोळीच्या मध्ये बसवायचा आग्रह सोडा, ते तिच्या आजूबाजूला बसवा. सकाळी गोळीआधी भरपेट: तुपाचं बोट लावलेलं थालीपीठ, दूध, घरात चालत असेल तर अंडं. नुसता चहा-बिस्किट हा या मुलांचा शत्रू. शाळेतल्या बाईंना एवढंच सांगा, की आधी डबा, मग गोळी. दीड वाजता सकाळची गोळी ओसरलेली असते, त्या पंधरा मिनिटांत मूल अर्धी पोळी-भाजी तरी खातं. आधी गोळी देऊन मग डबा उघडला तरी ती लगेच चढत नाही हे खरं, पण पोरं गोळी घेतली की सरळ मैदानात पळतात. संध्याकाळी घरी आल्या आल्या पुन्हा काहीतरी दणकट खायला द्या. शेंगदाण्याचा लाडू, चिक्की, दडपे पोहे. आणि रात्री नवाला भूक लागली तर "ही काय जेवायची वेळ आहे?" म्हणू नका. वाढा.

किलोभर वजन उतरणं म्हणजे किती, हे तो आधी कुठे होता यावर ठरतं. पस्तीस किलोच्या मुलाचं किलोभर आणि तेवीस किलोच्या मुलाचं किलोभर यात फार फरक आहे. सुरुवातीच्या महिन्यांत वजन थोडं उतरून मग स्थिरावणं बऱ्याचदा दिसतं. पण आठ महिन्यांत नऊ वर्षांच्या मुलाचं वजन वाढायला हवं होतं, ते उतरलंय, म्हणून मी हे डॉक्टरांना पुढच्या भेटीपर्यंत न थांबता फोनवर कळवेन. उंचीच्या वाढीचा वेगही थोडा मंदावू शकतो. म्हणूनच मोजायचं असतं. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन दर तीन महिन्यांनी, उंची दर सहा महिन्यांनी, आणि नाडी व रक्तदाब डोस बदलताना आणि एरवी दर सहा महिन्यांनी बघावा. हे सगळं गावातल्या बालरोगतज्ज्ञांकडे होऊ शकतं. वजन मात्र दर वेळी एकाच काट्यावर, बूट काढून. घरच्या बाथरूममधला काटा, दवाखान्यातला काटा आणि मेडिकलबाहेरचा नाणं टाकायचा काटा यांच्या आकड्यांची तुलना करून आई रडलेली मी पाहिलीय. भारतीय मुलांचे वाढीचे तक्ते इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने २०१५ मध्ये नव्याने काढले आहेत. गावच्या डॉक्टरांना त्यावर टिंब मांडायला सांगा. एका टिंबाला फारसा अर्थ नाही, तीन-चार टिंबांची रेघ खाली वळली तर आहे.

गावच्या डॉक्टरांना हे औषध चालू असल्याचं ठाऊक हवं, त्याचं आणखी एक कारण आहे. सर्दीच्या कित्येक औषधांत नाक मोकळं करणारे घटक असतात आणि या गोळीसारखेच तेही रक्तदाब वाढवू शकतात. "सर्दीचं लिहून द्या" म्हणताना "हे पण चालू आहे" हे सांगायचंच.

संध्याकाळची रडारड. दीडची गोळी साडेचार-पाचला उतरते, तुमचा मुलगा साडेपाचला घरी येतो, उपाशी आणि दिवसभर आवरून धरलेला. गोळी उतरताना काही मुलांत मूळ चंचलपणा तास-दीड तास उसळून वर येतो, सोबत चिडचिड. हा डोस जास्त झाल्याचा प्रकार नाही, आणि मुलाचा हट्टही नाही. त्या तासात अभ्यास, ट्यूशन, वाढदिवसाला जाणं असं काहीही ठेवू नका. खाणं, मग सायकल किंवा मैदान, आणि सातनंतर अभ्यास. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर बाकीचे मार्ग बघतील. लांब पल्ल्याची, म्हणजे बरेच तास काम करणारी गोळी किंवा दुपारी उशिरा अगदी छोटा डोस. लांब पल्ल्याच्या गोळीने शाळेतला डोसही सुटतो, पण ती महाग पडते, आणि काही जण पैसे वाचवायला ती अर्धी करून देतात. ती तोडायची किंवा कुटायची नसते, डॉक्टरांनीच तसं सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. उशिरा डोस दिला तर रात्रीची झोप लांबते, तेव्हा तीही लिहून ठेवायची.

लिहायचं कुठे? ॲप वगैरे मला फारसं पटत नाही, दोन आठवड्यांत बंद पडतं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दूधवाल्याचा हिशेब असतोच, त्याच चौकटीत लिहा. गोळी दिली की टिंब, डबा संपला की बरोबरची खूण, संध्याकाळ वाईट गेली की फुली. तीन महिन्यांची ती पानं फाडून पुण्याला न्या. बाईंकडून महिन्यातून एकदा चार ओळी: पहिल्या तासाला कसा, शेवटच्या तासाला कसा, काम पूर्ण करतो का, मुलांत मिसळतो का. आता जरा आगाऊपणे एक विचारते. गोळीची आठवण वडिलांवर सोपवली असेल तर ती किती वेळा चुकते? एडीएचडी मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे, जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या घरात निघतो. त्यामुळे गोळी विसरणाऱ्या बापाला मी रागावत नाही, त्याच्या मोबाइलला गजर लावून देते.

आता मेडिकलवाला. तो मुद्दाम त्रास देत नाही. मिथाइलफेनिडेट औषध कायद्याच्या शेड्यूल एक्समध्ये येतं. ते विकायला वेगळा परवाना लागतो, साठा कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. महिन्याला एक-दोन गिऱ्हाइकांसाठी हा व्याप छोटं दुकान करत नाही. म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठी दोन प्रतींतच घ्या. औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, एकूण गोळ्या, तारीख हे सगळं स्पष्ट असू दे. इन्स्पायरल किंवा ॲडवाइज असं ब्रँडचं नाव घेऊन सांगली-मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलांतल्या मेडिकलना आधी फोन करा. आणि पाकिटात दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की शोध सुरू करा, शेवटची गोळी संपल्यावर नको. चिठ्ठी व्हिडिओ कॉलवर मिळेल का, असं बरेच जण विचारतात. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार शेड्यूल एक्समधली औषधं तशी लिहून देता येत नाहीत. सल्ला फोनवर होईल, चिठ्ठीसाठी समोर जावं लागेल. म्हणून जवळचा पर्याय शोधा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सांगलीतल्या एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांकडे विचारा, की पुण्याच्या डॉक्टरांच्या पत्रावर मधल्या काळात चिठ्ठी देता येईल का. पुण्याला मग सहा महिन्यांनी गेलात तरी चालण्यासारखं होईल, अर्थात तिथल्या डॉक्टरांची संमती हवी. घरात गोळ्या कुलपात किंवा हात न पोचेल अशा जागी ठेवा, आणि मुलाच्या दप्तरातून शाळेत कधीही पाठवू नका. बाईंकडे महिन्याच्या गोळ्या मोजून, लिहून द्या.

आठ दिवस गोळी नव्हती त्याबद्दल घाबरू नका. हे औषध सांगितलेल्या डोसमध्ये चालू असताना अचानक थांबलं तरी सहसा अंगाला धोका नसतो. पण हे सगळ्या औषधांना लागू नाही. एडीएचडीवर दुसरीही औषधं देतात; कोणाचं मूल त्यातल्या ॲटोमोक्सेटिनवर असेल तर त्याचा परिणाम यायलाच चार ते सहा आठवडे लागतात, तिथे खाडे करून चालत नाही. क्लोनिडिन तर एकदम थांबवायचंच नाही, रक्तदाब उसळतो. तुमच्या बाबतीत मला हळहळ वाटते ती वेगळीच. त्या आठ दिवसांत बाईंनी काय पाहिलं, हे कोणी लिहून ठेवलं नाही. गोळी अजून लागते का, हे ठरवायला तेच सगळ्यात उपयोगी पडलं असतं. आभाळ कोसळत नाही हे खरं, पण ते कोसळायची वाटही बघायची नसते. अपुरी वही, वर्गात एकटं पडणं, बाईंची दोनदा बोलणी हे घरापर्यंत पोचत नाही. अजूनही बाईंना विचारा, त्यांच्या लक्षात असेल.

काही गोष्टींसाठी मात्र नोंदी करत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. पळताना छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं, नसलेलं दिसणं-ऐकू येणं, मूल सतत उदास होऊन मरणाचं बोलणं. डोळे मिचकावणं, मान उडवणं असे झटके नव्याने सुरू झाले तर त्याच आठवड्यात दाखवा. घरात कोणी तरुणपणी अचानक हृदयाने गेलं असेल आणि ते आधी सांगायचं राहिलं असेल, तर आत्ता सांगा.

किती वर्षं, याला ठरलेलं उत्तर नाही. धावपळ वयाबरोबर कमी होते, लक्ष न लागणं अनेकांत मोठेपणीही राहतं. म्हणून वर्षातून एकदा, डॉक्टरांशी ठरवून, आठवडा-दोन आठवडे गोळी थांबवून बघायची. मे महिन्यात थांबवून काही कळत नाही, कारण वही लिहायची नसते आणि तासभर एका जागी बसायचंही नसतं. शाळा चालू हवी, पण परीक्षा नको. जूनचे पहिले आठवडेही नकोत. मी बहुतेकदा ऑगस्टमधला किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा रुळावर आल्यावरचा काळ निवडते, आणि शाळेत डोस द्यायचा नसेल तर बाईंना आधी सांगत नाही. सांगितलं की त्यांना पहिल्याच दिवसापासून चंचलपणा दिसायला लागतो. सुट्टीत किंवा रविवारी गोळी द्यायची का, हे मूल गोळीविना घरात आणि रस्त्यावर किती सुरक्षित आहे आणि वजन किती मागे पडलंय यावर ठरतं. वजनाचा प्रश्न असेल तर मोठ्या सुट्टीत थांबवणं बऱ्याचदा उपयोगी पडतं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. लक्ष लागू लागलं, बसू लागला, तरी वाचन अडखळत असेल, जोडाक्षरं सुटत असतील, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. ती एडीएचडीसोबत बऱ्याच मुलांत असते आणि गोळीने जात नाही. डोस वाढवत नेऊन ती झाकायचा प्रयत्न होतो, तो चुकीचा.

आणि जूनमध्ये पाचवी. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाचा आदेश २०२४ मध्ये निघाला, तो पाचवीला लागू नाही. हायस्कूलला जाणार असेल तर कदाचित सकाळचं सत्र, सातला शाळा, साडेबाराला सुट्टी. मग साडेनऊची गोळी सव्वासहाला जाईल, त्याआधीची न्याहारी पावणेसहाला, शाळेतला डोस कदाचित दहाच्या सुमाराला येईल, आणि रडारडीची वेळ संध्याकाळहून दुपारी येईल. प्रवेश ठरला की नव्या शाळेचं वेळापत्रक घेऊन मे महिन्यातच डॉक्टरांना भेटा. त्या भेटीत वेळा बसवून घ्या आणि चिठ्ठीही दोन प्रतींत मागून घ्या.